मेघालयात खासी कुटुंबांकडे राहायला जात आहोत : पाहुणे म्हणून कसे वागावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या नोव्हेंबरात मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे तिघे नऊ दिवसांसाठी मेघालयात जात आहोत. गुवाहाटीपर्यंत विमानाने आणि तेथून शंभरेक किलोमीटर रस्त्याने शिलाँगला पोहोचायचे, मग चार रात्री सोहरा म्हणजे चेरापुंजीला आणि शेवटी जोवाईकडे जायचे, असे ठरले आहे. हॉटेले टाळून सगळीकडे घरगुती निवास ठरवले आहेत, कारण आम्हाला तेथील माणसांसोबत राहायचे आहे. धबधबे, गुहा आणि गाड्यांचे दर यांविषयी पुरेशी माहिती मिळाली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारण्यामागे एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये मुनस्यारीच्या अलीकडे एका खेड्यात आम्ही पावसात अडकलो होतो. एका वृद्ध बाईंनी आम्हाला घरात घेतले, चुलीपाशी बसवले, चहा दिला आणि मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, गरम भाकरीवर तूप घालून खाऊ घातले. निघताना मी त्यांच्या हातात दोनशे रुपयांची नोट ठेवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ती नोट चुलीजवळच्या फळीवर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून भांडी आवरायला घेतली. तोपर्यंत आमचे बोलणे किती छान चालले होते! ती पाठमोरी आकृती माझ्या मनातून अजून जात नाही. पुन्हा असे माझ्या हातून घडू नये, एवढीच इच्छा आहे.

म्हणून विचारते. खासी घरात पाहुण्याला क्वाय, म्हणजे पान-सुपारी, देतात असे वाचले आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्या पूर्वी विडा खात असत, पण रक्तदाब आणि हृदयाच्या त्रासामुळे तो बंद केला आहे. त्यांनी नाही म्हटले तर तो अपमान ठरेल का? दुसरे म्हणजे, त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. यजमानांना अवघड न वाटता हे कसे सांगावे? आणि जाताना इथून काय न्यावे? आम्हाला खासी भाषेचा एक शब्दही येत नाही.

पाइनवाट

कृष्णाकाठ ताई, आपला प्रश्न वाचून बरे वाटले. मी नोकरीनिमित्त शिलाँगमध्ये सहा वर्षे राहिलो. तेथील माणसांनी मला जे दिले त्याचे ऋण मोठे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेथे गेलो त्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली होती आणि पाऊस कोसळत होता. मेणबत्ती मागायला मी शेजारच्या घराचे दार वाजवले. दार उघडणाऱ्या बाईंनी मी कोण, कुठला, काय हवे, यांतले काहीही विचारले नाही. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेले आणि शेगडीजवळच्या बुटक्या मोढ्यावर बसवले. मग शेजारच्या टोपलीतून एक ओली सुपारी काढली, लहान सुरीने तिचे साल सोलून उभे दोन भाग केले, पानाच्या तुकड्यावर बोटाच्या टोकाने चुना ओढला, सुपारीचा अर्धा भाग त्यात गुंडाळून माझ्यापुढे धरला आणि उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. त्यानंतर त्यांनी मला विचारले, की काय हवे आहे. क्वायचा हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे विडा येतो तो जेवणानंतर, किंवा पानसुपारीच्या समारंभात, किंवा लग्न ठरताना सुपारी फुटते तेव्हा, म्हणजे काहीतरी पार पडल्यावर. तेथे तो ओळखीच्याही आधी येतो.

याची कथा खासी घरांमध्ये आजही सांगतात. एक श्रीमंत आणि एक गरीब असे दोन जिवलग मित्र होते. गरीब मित्र श्रीमंताकडे अनेकदा जेवून येई. एकदा श्रीमंत मित्र त्याच्या झोपडीत आला, तेव्हा घरात दाणाही नव्हता आणि शेजाऱ्यांकडेही काही मिळाले नाही. पाहुण्याला उपाशी पाठवायच्या लाजेने त्या नवराबायकोने जीव दिला. हे पाहून पाहुण्यानेही प्राण सोडला आणि रात्री चोरीसाठी शिरलेल्या चोराने आपल्यावर आळ येईल या भीतीने स्वतःला संपवले. देवाला कणव आली. त्या तिघांपासून सुपारी, पान आणि चुना झाला, चोरापासून तंबाखू झाली, आणि गरिबातल्या गरिबालाही पाहुण्यापुढे ठेवता येईल अशी एक वस्तू जगात आली. ताई, कुमाऊँच्या त्या आजींची गोष्ट वाचताना मला हीच कथा आठवली.

क्वाय त्या समाजात किती खोल रुजला आहे, याची आणखी दोन उदाहरणे देतो. जुनी माणसे वाटेचे अंतर ‘इतके क्वाय’ असे सांगत, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत किती वेळा क्वाय खाऊन होईल त्यावरून. आणि कोणी वारले, की ‘बाम क्वाय हा द्वार उ ब्लेई’ असे म्हणतात. देवाच्या दारात तो आता क्वाय खातो आहे, असा त्याचा अर्थ. त्यातला ‘द्वार’ हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे.

आपण सोहराहून बांगलादेश सीमेवरच्या दौकीच्या बाजूला उतरलात, तर उतारांवर सुपारीची उंच झाडे आणि त्यांच्या खोडांवर चढवलेले पानवेल दिसतील. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या पाहिलेल्या माणसाला तेथे एकदम घरी आल्यासारखे वाटते. या उतारांवरची सुपारी, पाने आणि संत्री पूर्वी खाली सिल्हेटच्या बाजारात जात. १९४७ मध्ये सिल्हेट पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, गेले आणि डोंगरातून समोर दिसणारा बाजार परका झाला. त्या भागातल्या वयस्कर माणसांना याविषयी विचारा. ती मनापासून बोलतील.

आता घरातल्या रीतीविषयी. खासी कूळ आईकडून चालते. मुलांना आईचे कुळनाव मिळते आणि वडिलोपार्जित घर सहसा धाकट्या मुलीकडे, म्हणजे ‘खतदुह’कडे, जाते. त्यासोबत म्हाताऱ्या आईवडिलांची आणि घरच्या धार्मिक कृत्यांची जबाबदारीही तिच्याकडे येते. त्यामुळे पतिराजांशी बोलून सगळे ठरले, असे समजू नये. घरातल्या बाईंशी आधी बोलावे. त्यांना ‘काँग’ म्हणावे, म्हणजे ताई, आणि पुरुषांना ‘बाह’, म्हणजे दादा. ‘खुब्लेई’ हा एकच शब्द भेटताना, निरोप घेताना आणि आभार मानताना चालतो. ‘कुमनो’ म्हणजे कसे आहात. हे चार शब्द पाठ केलेत, तरी दारे उघडतील.

तुमच्या माहेरच्या कुळाविषयी विचारले, तर ती नसती चौकशी समजू नका. ‘टिप कुर, टिप खा’, म्हणजे आईकडचे आणि वडिलांकडचे नातेवाईक ओळखून असावे, हा त्यांच्या आचाराचा एक पाया आहे. माझ्या त्या शेजारणीने माझ्या आईचे माहेरचे आडनाव विचारून घेतले होते आणि पुढे सहा वर्षे त्या माझी ओळख त्याच नावाने करून देत असत. माझ्या आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही.

भाषेची काळजी करू नका. खासी भाषा असमिया किंवा बंगालीच्या कुळातली नाही. ती ऑस्ट्रोआशियाई कुळातली आहे आणि आपल्या मेळघाटातली कोरकू ही त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेची. पण १८४१ मध्ये सोहराला आलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने ती रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली आणि आजही ती तशीच लिहिली जाते, त्यामुळे गावांच्या आणि दुकानांच्या पाट्या तुम्हाला वाचता येतील.

रांजण

शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि दोनदा जाऊन आले आहे.

‘ङाम बाम दोह’ हे वाक्य लिहून ठेवा. ‘मी मांस खात नाही’ असा त्याचा अर्थ आहे. मात्र एवढ्याने भागत नाही, कारण चटणीत आणि भाजीत सुकवलेली किंवा आंबवलेली मासळी चवीपुरती घातलेली असते आणि अनेकांच्या मते ती मांसात मोडत नाही, जशी आपल्या किनाऱ्यावर कुणाच्या लेखी जवळ्याची चिमूट मोडत नाही. म्हणून ‘क्तुंग’ नको, म्हणजे सुकी-आंबवलेली मासळी नको, आणि ‘पिल्लेंग’ नको, म्हणजे अंडे नको, हेही सांगा. तुंगरिम्बाय हा आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ शाकाहारी वाटतो, पण तो बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवतात. जादोह हा भातही मांसाचाच, आणि अनेकदा रक्त घालून केलेला असतो. रस्त्यावरच्या छोट्या खाणावळींत सासूबाईंसाठी काही मागण्यापूर्वी नीट विचारून घ्या.

सांगण्याची वेळ मात्र महत्त्वाची आहे. ताट पुढे आल्यावर सांगू नका, निवास ठरवतानाच सांगा, आणि पोहोचल्यावर चहाच्या वेळी पुन्हा एकदा सांगा. माझ्या पहिल्या प्रवासात मी आयत्या वेळी सांगितले आणि त्या घरच्या काँगने रात्री आठ वाजता माझ्यासाठी वेगळी भाजी करायला पुन्हा चूल पेटवली. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, पण मला फार लाज वाटली.

दुसऱ्या प्रवासात मी आधीच कळवले होते आणि जे जेवले ते अजून आठवते. भात, पातळ डाळ, उकडलेली मोहरीची पाने आणि काळ्या तिळाच्या वाटणात शिजवलेले बटाटे. या काळ्या तिळाला ते ‘नेइयोंग’ म्हणतात आणि एरवी त्यात डुकराचे मांस शिजवतात. तीळ कोरडे भाजून वाटल्यावर येणारा तो किंचित कडवट, खमंग वास आपल्याला संक्रांतीच्या आठवड्यात घरोघरी येतो तोच. फक्त तेथे तो गुळाऐवजी आले आणि हळदीसोबत येतो. न्याहारीला तांदळाच्या पिठाचे पुथारो मिळतात, जाडसर घावनासारखे, आणि सणासुदीला गूळ-तांदळाचे तळलेले पुखलेन. सासूबाईंना ते घारग्यांची आठवण करून देतील. ‘शा साव’ म्हणजे दूध न घातलेला लाल चहा दिवसभर चालू असतो.

मेतकूट न्या, पण स्वतंत्र बसून खाऊ नका. मी डबी सर्वांच्या मध्ये ठेवली, तर आजोबांनी ते भातावर घेऊन पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबी कुठे आहे, असे विचारले.

ज्योत्स्ना ठाणे

मी दंतवैद्य आहे, त्यामुळे एका मुद्द्यावर स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. सासूबाईंनी क्वाय खाऊ नये. ओल्या सुपारीतील अरेकोलिन नावाच्या द्रव्यामुळे सवय नसलेल्या माणसाला दोन-तीन मिनिटांतच कान गरम होणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे आणि गरगरणे असा त्रास होऊ शकतो. थंडीत डोंगरावर राहणाऱ्यांना हीच ऊब हवी असते, पण हृदयाचा त्रास असलेल्या व्यक्तीने हा प्रयोग करू नये. शिवाय तंबाखूशिवायची पान-सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. एखाद्या दिवशी एक तुकडा चघळल्याने काही बिघडणार नाही, असे निरोगी माणसाला मी म्हणेन. सवय मात्र लावून घेऊ नये.

नाकारण्याविषयी माझा अनुभव असा, की क्वाय हातात घेणे आणि तो खाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी तो दोन्ही हातांनी घेत असे, ‘खुब्लेई’ म्हणत असे आणि प्रकृतीमुळे खात नाही, असे छातीवर हात ठेवून सांगत असे. एकाही घरात कोणी वाईट वाटून घेतले नाही. हात पुढेच न करणे मात्र टाळावे.

घाटवाट

वर अन्न आणि क्वायविषयी छान लिहिले गेले आहे. मी पाण्याविषयी लिहितो, कारण सोहराला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते.

सोहराला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत तेथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. असे असूनही पाऊस सरला, की त्याच सोहरात पाण्याची टंचाई सुरू होते. पठारावर मातीचा थर पातळ आहे, झाडी विरळ झाली आहे आणि पडलेले पाणी कड्यावरून थेट खालच्या मैदानात निघून जाते. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाड्या जुलैत धुक्यात बुडतात आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन दरीत उतरतात, तसाच हा प्रकार आहे. तुम्ही नोव्हेंबरात जात आहात, म्हणजे हे दिवस नुकतेच सुरू झालेले असतील.

मी राहिलो त्या घरी रोज पहाटे आंघोळीसाठी दारात गरम पाण्याची बादली ठेवलेली असे. पहिले दोन दिवस मी ती पूर्ण वापरली आणि वर आणखी अर्धी मागितली. तिसऱ्या दिवशी लवकर जाग आली आणि मी बाहेर आलो, तर घरची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पाठीवरच्या टोपलीत पाण्याचे डबे घेऊन, टोपलीचा पट्टा कपाळावर अडकवून, चढ चढून येत होती. ते पाणी माझ्या बादलीत जात होते. घरातल्या कोणीही मला याची जाणीव करून दिली नव्हती. त्यानंतर मी दिवसाआड आणि अर्ध्या बादलीत आंघोळ केली. पाहुण्याला काही कमी पडू नये, यासाठी ती माणसे बोलणार नाहीत. आपणच विचारायला हवे.

आणखी दोन छोट्या गोष्टी. रविवारी सकाळी बहुतेक कुटुंबे चर्चमध्ये जातात आणि दुकाने बंद असतात, म्हणून त्या दिवशी लांबचा प्रवास किंवा खरेदी ठेवू नका. त्यांनी सोबत येण्याचे निमंत्रण दिले, तर अवश्य जा. अनेक सुरांत मिळून गायली जाणारी खासी प्रार्थनागीते ऐकण्यासारखी असतात. आणि नोंग्रियातचा दोन मजली जिवंत मुळांचा पूल पाहायला तिर्नाहून तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतरून पुन्हा तितक्याच चढायच्या असतात. सासूबाईंना तेथे नेऊ नका. रबराच्या झाडाची मुळे वळवून केलेला असा पूल रिवाई गावाजवळही आहे, मावलिन्नाँगच्या वाटेवर, आणि तो थोड्या पायऱ्यांवर आहे.

 

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाण्याची गोष्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. क्वाय हातात घेऊन प्रकृतीचे कारण सांगायचे, हे सासूबाईंना फार पटले. आता भेटवस्तू आणि पैसे एवढेच राहिले. निवासाचे भाडे ठरलेले आहे, ते देण्यात काही अडचण नाही. पण वाटेत कोणी घरात बोलावून चहा पाजला तर काय करावे?

पाइनवाट

जेथे भाडे ठरले आहे, तेथे ते पूर्ण आणि घासाघीस न करता द्यावे. तो त्यांचा व्यवसाय आहे आणि ‘कमाय इया का होक’, म्हणजे सचोटीने कमवा, हे त्यांचे वचनच आहे. जेथे बोलावून चहा दिला, तेथे पैसे देऊ नयेत. कुमाऊँच्या आजींच्या बाबतीत हेच झाले असावे, असे मला वाटते. त्यांनी तुम्हाला घरात घेतले होते आणि त्या नोटेने तुम्ही पुन्हा गिऱ्हाईक झालात. अशा घरी काहीतरी खाण्याचे द्यावे, जे सगळ्यांना मिळून तिथेच खाता येईल, आणि निघण्याची घाई करू नये. पाहुण्याचा वेळ हीच तेथे मोठी भेट समजली जाते, असा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे.

ज्या घरी तुम्ही चार रात्री राहणार आहात, त्यांच्यासाठी मी एक सुचवू का? पितळी अडकित्ता न्या. तेथे सुपारी ओली आणि मऊ असते, त्यामुळे ती सुरीनेच कापतात आणि अडकित्त्याची त्यांना गरज नसते. पण सुपारी कापण्यासाठी आपल्याकडे एवढे कोरीव हत्यार घडवतात, हे पाहून त्यांना आनंद होईल. मी माझ्या शेजारणीला दिलेला अडकित्ता त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला होता. विमानात तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, सामानात द्या.

कृष्णाकाठ

आम्ही परत येऊन दहा दिवस झाले. येथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कळवणे मला आवश्यक वाटते.

सोहराच्या घरात काँग, त्यांचे पती, दोन मुले आणि काँगच्या आई असे पाच जण होते. आजी सासूबाईंच्याच वयाच्या असतील. पहिल्या संध्याकाळी त्यांनी क्वाय पुढे केला, सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतला, ‘खुब्लेई’ म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. आजींनी मान डोलावली, सुपारीचा तुकडा स्वतःच उचलून परत घेतला आणि नुसते पान, चुना न लावता, सासूबाईंच्या हातात ठेवले. ते पान सासूबाईंनी खाल्ले. त्यानंतर चारही दिवस त्यांच्यासाठी चुना-सुपारीविना पान वेगळे ठेवलेले असे आणि तसे कोणाला सांगावे लागले नाही.

पाण्याबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारले. काँग आधी संकोचल्या, मग त्यांनी पावसाचे पाणी साठवायची टाकी दाखवली आणि ती किती दिवस पुरते, ते बोटांवर मोजून सांगितले. आम्ही तिघांनी मिळून दिवसाला दोन बादल्या वापरल्या.

अडकित्ता सासूबाईंनी शेवटच्या सकाळी दिला. तो त्यांचा स्वतःचा, लग्नात आलेला, मोराच्या आकाराचा होता. मी बाजारातून नवा घेतला होता, पण विडा सुटल्यापासून हा नुसताच पडून आहे, असे म्हणून त्यांनी तो आधीच सामानात ठेवला होता. आजींना तो उघडायचा कसा हे कळेना. तेव्हा सासूबाई त्यांच्या शेजारी मोढ्यावर बसल्या, त्यांच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवली आणि दोघींनी मिळून एक सुपारी कापली. ओली असल्यामुळे ती कातरली न जाता जरा चेंगरली. आजी खळखळून हसल्या, मग त्यांनी आपली सुरी घेऊन दुसरी सुपारी नीट कापून दाखवली. सासूबाई मराठीत बोलत होत्या आणि आजी खासीत, आणि आमची गाडी दारात येऊन अर्धा तास झाला होता. गाडीवाल्या दादांना मी थांबायची विनंती करायला गेले, तर ते आधीच स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दाराने आत येऊन चहा पीत बसले होते.

निघताना आजींनी जैंतिया डोंगरातल्या लाकाडाँग हळदीची पुडी आणि पानांची एक जुडी दिली. हळद सासूबाईंनी लोणच्यासाठी जपून ठेवली आहे. पाने गुवाहाटीपर्यंतच टिकली.